सांड्याच्या शेपटीत असतं तरी काय?

आठवडे बाजाराच्या टोकाला, भाजीवाल्यांच्या रांगा संपल्या की पुढे एखादा माणूस फडकं अंथरून बसलेला असतो. पुढ्यात स्टोव्ह, त्यावर लहानशी कढई, पिवळट तेलाच्या बाटल्या आणि फडक्यावर पडून असलेले चार-पाच सुस्त सरडे. आरोळी हिंदीत असते: ‘सांडे का तेल’. गुडघा, कंबर, लकवा आणि चारचौघांत ज्याचं नाव घेता येत नाही ते पुरुषांचं दुखणं, सगळ्यांवर एकच बाटली. खानदेशातल्या जुन्या माणसांना हे दृश्य नवं नाही. सरडे उघड्यावर मांडायची हिंमत आता कमी झाली आहे, पण बाटली अजून फिरते. मोबाइलवरच्या जाहिरातींतही दिसते.

त्या फडक्यावरचा प्राणी खानदेशातला नव्हे. तो येतो कच्छ आणि राजस्थानच्या कोरड्या, वाळूमिश्रित मैदानांतून. तो सुस्त दिसतो, कारण पळून जाऊ नये म्हणून त्याच्या पाठीचा कणा मोडलेला असतो. आणि ज्या चरबीसाठी त्याचे हे हाल होतात, ती म्हणजे त्याने हिवाळ्यासाठी साठवलेलं धान्य आहे. ती चरबी काय आहे आणि काय नाही हे नीट समजून घ्यायचं तर आधी त्याच्या बिळात डोकवावं लागतं.

सांडा कोण, घोरपड कोण

सांडा म्हणजे काटेरी शेपटीचा सरडा. शास्त्रीय नाव सारा हार्डविकी. १८२७ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी त्याचं वर्णन केलं आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले अधिकारी व निसर्गाचे अभ्यासक थॉमस हार्डविक यांचं नाव त्याला दिलं. बरीच वर्षं तो युरोमॅस्टिक्स या प्रजातीत गणला जात होता. २००९ मध्ये शेपटीवरच्या खवल्यांची मांडणी आणि इतर फरक पाहून त्याला ‘सारा’ या प्रजातीत ठेवण्यात आलं. जुन्या पुस्तकांत आणि सरकारी कागदांत जुनं नाव दिसलं तर गोंधळू नये, प्राणी तोच.

आपल्याकडचे बहुतेक लोक सांड्याला घोरपडीचं पिल्लू समजतात किंवा घोरपडीला सांडा म्हणतात. फरक ओळखायला शेपटी पाहावी. सांड्याची शेपटी आखूड, जाड आणि वरून थोडी चपटी असते. तिच्यावर काटेरी खवल्यांची कडी एकामागे एक बसवलेली असतात आणि कडेचे काटे मधल्यांपेक्षा मोठे असतात. घोरपडीची शेपटी धडापेक्षा बरीच लांब, चाबकासारखी निमुळती आणि बिनकाट्यांची. घोरपड सापासारखी दुभंगलेली लांब जीभ सारखी आतबाहेर करते, सांड्याची जीभ आखूड आणि मांसल असते. सांड्याचं डोकं आखूड, नाक बोथट. कातडी सैल, मानेवर आणि कुशीला सुरकुतलेली, जणू एक माप मोठा सदरा घातलाय. मांडीच्या पुढच्या बाजूला ठळक काळा डाग असतो. पूर्ण वाढलेला नर ४० ते ४९ सेंटिमीटर, मादी ३४ ते ४० सेंटिमीटर. घोरपड याच्या दुप्पट-तिप्पट होते.

नात्याने सांडा घोरपडीपेक्षा कुंपणावरच्या आपल्या साध्या सरड्याला जवळचा आहे, दोघे एकाच कुळातले. मोठा फरक खाण्यात. साधा सरडा किडे खातो, घोरपड अंडी, बेडूक, उंदीर, मेलेलं, सगळं खाते. सांडा पाला खातो. भारतातल्या सगळ्या सरड्यांमध्ये प्रामुख्याने वनस्पतींवर जगणारा हा एकटाच. त्याचं पुढचं सगळं आयुष्य या एका गोष्टीने ठरतं.

खानदेशात एवढं ऊन, मग सांडा का नाही?

भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. सांड्याला ऊन हवं असतं, तर मग तो तापीच्या काठी का नसावा? कारण त्याला उन्हाइतकीच खणता येणारी माती लागते.

आपली काळी माती फुगते आणि आकसते. घर बांधणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं, म्हणून तर पाया खाली मुरूम लागेपर्यंत नेतात. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात तीच जमीन फुगून घट्ट आणि चिकट. अशा मातीत दोन मीटर लांबीचं बीळ वर्षभर उभं राहू शकत नाही. वैशाखात भेगांनी फुटेल, आषाढात फुगून मिटेल, आणि ओल्या चिकणमातीतून हवा जात नसल्यामुळे आतला प्राणी गुदमरेल. दुसरी अडचण पावसाची. जैसलमेरला वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या सपाटीवर त्याच्या तिप्पट. सांड्याचं बीळ इतक्या पाण्यासाठी बनलेलंच नाही.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. वाळवंटातला प्राणी म्हटल्यावर डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात, पण सांडा मोकळ्या वाळूच्या टेकडीवर राहत नाही. तिथे बीळ खणलं की ढासळतं. त्याला हवी असते ती टेकड्यांमधली सपाट, दबलेली, वाळू आणि थोडी चिकणमाती मिसळलेली जमीन, कुठे कुठे बारीक खडीची. कच्छमधलं बन्नी गवताळ प्रदेश, जैसलमेर-बाडमेरमधलं राष्ट्रीय मरू उद्यान, राजस्थानच्याच चुरू जिल्ह्यातलं ताल छापर अभयारण्य ही त्याची ठळक ठिकाणं. भारताबाहेर तो पाकिस्तानच्या कोरड्या मैदानांत आहे.

आपल्या माळरानावर, विशेषतः मुरमाड बरडावर, उन्हाळ्यात गळ्याखालची झालर पंख्यासारखी उघडझाप करणारा बोटभर सरडा दिसतो, तो वेगळा. त्याच्याच एका भावकीला २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी ‘सरडा’ असंच प्रजातीनाम दिलं, आपला मराठी शब्द थेट शास्त्रात गेला. हे ‘सरडा’ आणि वरचं ‘सारा’ एक समजू नयेत.

बीळ: दोन मीटरांचं धाब्याचं घर

धाब्याच्या घरात भर दुपारी शिरलं की जो गारवा लागतो, तो कुठून येतो? जाड मातीचं छत आणि भिंती बाहेरची उष्णता सावकाश शोषतात. ती आतपर्यंत पोचेस्तोवर बाहेर रात्र झालेली असते. सांड्याचं बीळ याच तत्त्वावर चालतं, फक्त त्याच्या भिंतीला जाडीची मर्यादा नाही.

आकडे पाहू. मे महिन्याच्या दुपारी वाळूचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो. त्यावर काही मिनिटं अडकून राहिलेला कोणताही सरडा मरतो, सांडासुद्धा. पण कोरडी माती उष्णतेची वाईट वाहक आहे. दिवस-रात्रीचा चढउतार खाली जाता जाता मरत जातो आणि साधारण अर्ध्या मीटरवर तो जवळपास संपतो. तिथे दुपार आणि पहाट यांत फारसा फरक नसतो. आणखी खाली फक्त ऋतूंचा संथ फरक उरतो, म्हणून बीळ उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा थंड आणि पौष-माघात बाहेरच्यापेक्षा उबदार. चुरूकडे जानेवारीच्या रात्री पारा शून्याजवळ येतो, तिथे ही ऊब जीव वाचवते.

बीळ तिरकं उतरतं, मध्ये वळणं घेतं आणि शेवटी थोड्या रुंद खोलीत संपतं. तोंड ६ ते ८ सेंटिमीटर रुंद, लांबी दोन मीटरांच्या वर. तिरकं असल्यामुळे दोन मीटर लांबी म्हणजे दोन मीटर खोली नव्हे, पण अर्ध्या मीटरचा टप्पा ओलांडायला ती पुरते. वळणांचा उपयोग असा की खणून काढणाऱ्याला आणि आत शिरणाऱ्या सापाला सरळ वाट मिळत नाही. एका बिळात एकच सांडा. पिल्लं अंड्यातून निघाली की सुरुवातीचे दिवस आईच्या बिळात राहतात, मग आपापलं खणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग: दार. बाहेर जास्त तापलं की किंवा संध्याकाळ झाली की सांडा आतून माती लोटून बिळाचं तोंड बंद करतो. पेवाचं तोंड बंद करायला आपले लोक जेवढी काळजी घेत, तेवढीच ही. त्याने एका वेळी तीन गोष्टी साधतात. तापलेली हवा आत येत नाही. श्वासातून बाहेर पडलेली वाफ बिळातच राहते, त्यामुळे आतली हवा दमट राहते आणि पुढच्या श्वासाबरोबर शरीरातलं पाणी कमी जातं. तिसरं म्हणजे साप आणि घोरपडीला आयती वाट मिळत नाही. त्यातूनही कोणी आत आलंच तर सांडा डोकं आतल्या बाजूला करून अंग फुगवतो आणि बिळात पाचरीसारखा घट्ट बसतो. बाहेरच्याला समोर दिसते ती हलणारी काटेरी शेपटी.

बिळाचं बिनसतं कुठे? अवेळी मोठा पाऊस झाला आणि सखल जागी पाणी साचलं तर बिळं बुडतात. म्हणून ती थोड्या उंचवट्यावर जास्त दिसतात. दुसरं, नांगर. ट्रॅक्टरचा एक फाळ फिरला की तोंडापासूनचा पहिला हातभर भाग कोसळतो. तिसरं, विलायती बाभूळ, जिला आपण वेडी बाभूळ म्हणतो. बन्नीच्या मोकळ्या गवतावर ती दाट पसरली आहे. सांड्याला अंग तापवायला मोकळं ऊन आणि दूरवरचं दिसायला मोकळी जमीन हवी. झुडपांची गर्दी झाली की दोन्ही जातं.

पाला पचवायला भट्टी लागते

किडा खाणं आणि पाला खाणं यांत फरक शेंगदाणा आणि कडबा यांच्यातल्यासारखा आहे. पाल्यात सेल्युलोज असतं आणि ते फोडण्याचं रसायन कोणत्याही सरड्याच्या स्वतःच्या पोटात तयार होत नाही. गायी-म्हशींसारखेच इथेही सूक्ष्म जीव ते काम करतात. गायीत ते सुरुवातीच्या कोठ्यात असतात, सांड्याच्या गटातल्या सरड्यांत शेवटच्या, मोठ्या आतड्यात. तिथे पाला आंबतो आणि त्यातून निघालेली आम्लं शरीर वापरतं. गाय रवंथ करते, सांडा चावतही नाही, जबड्याने कात्रीसारखे तुकडे करून गिळतो.

हे आंबवणं गरमीशिवाय होत नाही. इडलीचं पीठ थंडीत फुगत नाही, तसंच. म्हणून सांड्याला दिवसा अंग ३५ ते ४० अंशांपर्यंत तापवावं लागतं. सस्तन प्राण्याला ही ऊब आतून मिळते, त्याला ती उन्हाकडून घ्यावी लागते. सकाळी तो बिळातून डोकं काढतो तेव्हा काळपट असतो. गडद रंग ऊन जास्त शोषतो. अंग तापलं की कातडीतल्या रंगपेशींमधला काळा रंग आकसतो आणि तोच सांडा पिवळट, फिकट दिसू लागतो. आता जास्तीचं ऊन परतवायचं असतं. बाजारातल्या मरणपंथाला लागलेल्या सांड्याचा काळपट रंग हा त्याचा मूळ रंग समजला जातो. पुष्कळदा तो थंड पडलेला, घाबरलेला प्राणी असतो.

खातो काय? गवत, खुरटी झुडपं, पानं, नेपतीची फुलं आणि फळं, शेंगा. पिल्लांना वाढीसाठी प्रथिनं हवीत, म्हणून ती किडेही बरेच खातात. पावसाळ्यात किडे मुबलक झाले की मोठे सांडेही टोळ आणि मुंग्या सोडत नाहीत.

पाणी तो पाल्यातूनच मिळवतो. इथे एक मेख आहे. कोरड्या भागातल्या पाल्यात क्षार, विशेषतः पोटॅशियम, फार असतं. तेवढे क्षार लघवीतून काढायचे तर पाणी जास्त लागेल आणि तेच तर नाही. या गटातल्या सरड्यांच्या नाकात त्यासाठी क्षारग्रंथी असतात. घट्ट खारट द्रव नाकपुडीतून बाहेर पडतो, वाळतो आणि नाकाभोवती पांढरी खरड दिसते. नत्राची घाणही ते पातळ लघवीऐवजी युरिक आम्लाच्या पांढऱ्या लगद्याच्या रूपात टाकतात. सांड्याच्या विष्ठेचं पांढरं टोक ते हेच. कचऱ्याबरोबर पाणी जवळपास जातच नाही.

आणि आता शेपटी

वर्षातला चरण्याचा काळ मोजका. आखाजीच्या आसपास सांडा बाहेर असतो, पावसाळ्यात हिरवळ फुटली की पोटभर खातो. कार्तिकानंतर रात्री गार होऊ लागतात, अंग पुरेसं तापत नाही, आणि न तापलेल्या पोटात पाला पचण्याऐवजी सडतो. म्हणून त्याचं खाणं थांबतं. मग तो बिळाचं तोंड बंद करतो आणि वसंतापर्यंत बहुतेक काळ आत काढतो. या महिन्यांची शिदोरी म्हणजे शेपटीच्या बुडाशी आणि पोटात साठवलेली चरबी.

चरबीच का? एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, एक ग्रॅम पिठूळ पदार्थातून ४. चरबी साठवताना तिच्याबरोबर पाणी बाळगावं लागत नाही, त्यामुळे ओझं कमी. शिवाय एक ग्रॅम चरबी शरीरात जळली की एक ग्रॅमहून थोडं जास्त पाणी तयार होतं. तीन-चार महिने न पिता राहणाऱ्याला तेवढाच आधार.

शेपटीतच का? अंगभर कातडीखाली चरबीचा थर असता तर तो गोधडीसारखा झाला असता आणि सकाळचं ऊन आत शिरलं नसतं. ज्याला बाहेरून तापायचं आहे त्याने गोधडी पांघरून कसं चालेल? म्हणून साठा एका टोकाला. उंटाच्या मदारीबद्दलही असंच कारण दिलं जातं.

ही शिदोरी पुरते कशी, याचा हिशेब सोपा आहे. ऊब आतून तयार करावी लागत नसल्यामुळे सरड्याला विसाव्याच्या वेळी त्याच्याच वजनाच्या घुशीपेक्षा साधारण दहावा हिस्सा ऊर्जा लागते, तीही अंग तापलेलं असताना. अंगाचं तापमान दर १० अंशांनी उतरलं की खर्च निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. ३८ अंशांवरून १८ वर आलं म्हणजे दोन पायऱ्या: निम्म्याचा निम्मा, चौथा हिस्सा. घुशीच्या तुलनेत आता चाळिसावा. चिमूटभर चरबीवर हिवाळा निघतो तो यामुळे, त्या चरबीत काही विशेष ताकद आहे म्हणून नव्हे. मादीला तर हिवाळा संपल्यावर याच साठ्यातून अंडी घडवायची असतात.

शेपटी हत्यारही आहे. पाल शेपूट टाकून पळते, सांडा ती टाकत नाही आणि तुटली तर पुन्हा वाढत नाही. ‘थोडी चरबी काढून सोडून देतो’ असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. चरबी काढायची म्हणजे प्राणी मारायचा.

कढईतलं तेल

चरबी वितळवली की तेल होतं, मग ती सांड्याची असो की कोंबडीची. रसायनशास्त्राच्या भाषेत ती ट्रायग्लिसराइडं. सांड्याच्या तेलातली ओलेइक, पामिटिक, लिनोलेइक ही मेदाम्लं आपल्या शेंगदाण्याच्या आणि सरकीच्या तेलातही भरपूर आहेत. शेपटीच्या चरबीत नसांना, सांध्यांना किंवा लिंगाला बळ देणारा कोणताही वेगळा घटक असण्याचं कारणच नाही, तिचं काम हिवाळ्यात जळणं एवढंच.

पुढचा प्रश्न, चोळलेलं तेल आत जातं का? कातडीचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर मिलिमीटरच्या जेमतेम पन्नासाव्या हिश्शाइतका असतो, पण तो मोठ्या रेणूंना अडवतो. औषधनिर्मितीत ढोबळ नियम असा की ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं माप) जड रेणू न फाटलेल्या कातडीतून सहजी पार होत नाही. ट्रायग्लिसराइडचा रेणू ८५०-९०० डाल्टनच्या आसपास. तो वरच राहतो, कातडी मऊ करतो आणि कपड्याला लागतो. स्नायूपर्यंत, नसेपर्यंत तो पोचत नाही.

तरी लोकांना बरं का वाटतं? कारण चोळणं खरं असतं. दुखऱ्या गुडघ्याला दहा मिनिटं कोमट तेलाने मालिश केली की रक्तपुरवठा वाढतो, स्नायू सैलावतो, तासभर आराम पडतो. तिळाच्या तेलाने तेवढाच पडला असता. त्यात विकणारे पुष्कळदा कापूर किंवा झोंबणारं काहीतरी मिसळतात. झोंबलं की औषध लागू पडतंय अशी समजूत होते. बाटलीवर घटकांची नोंद नसते, त्यामुळे आत सांडा आहे की मोहरी हेही घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

पुरुषांच्या दुखण्याबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं, कारण खरं नुकसान तिथे होतं. ताठरता येणं हा रक्तवाहिन्यांचा आणि नसांचा मामला आहे. ती कमी होण्यामागे मधुमेह, रक्तदाब, तंबाखू-बिडी, दारू, काही औषधं किंवा मनावरचा ताण असतो. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे वाहिन्या खराब व्हायला लागल्या की पहिली खूण अनेकदा तिथे दिसते, हृदयाचा त्रास उघड होण्याच्या काही वर्षं आधी. अशा वेळी सहा महिने बाटली चोळत बसलेला माणूस रक्तातली साखर आणि दाब तपासायची वेळ घालवतो. सरकारी दवाखान्यात या तपासण्या होतात आणि या तक्रारीवर खरी, तपासून पाहिलेली औषधंही आहेत, फक्त ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. छातीतल्या दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील तर ती जिवावर बेततात. लकव्यासाठी तर तासांचा हिशेब असतो. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं की तेल शोधू नये, गाडी काढावी.

एक बाटली, किती बिळं

मादी वर्षातून एकदाच, दहा-पंधराच्या आसपास अंडी घालते. त्यातली बहुतेक पिल्लं लग्गर ससाणा, गरुड, कोल्हा, वाळवंटी मांजर, साप, घोरपड यांच्या पोटात जातात. हे निसर्गाच्या हिशेबात बसतं. वाळवंटातल्या शिकारी पक्ष्यांसाठी सांडा म्हणजे आपल्याकडच्या घुबडांसाठी उंदीर, नेहमीचं जेवण. हिशेबात न बसणारी गोष्ट म्हणजे मोठे, अंडी घालू शकणारे सांडे बिळातून खणून पोत्यांनी नेणं. सांडा बिळाला बांधलेला, एकाच जागी राहणारा. त्यामुळे पकडणारे एका वस्तीवर बसले की दोन-तीन दिवसांत ती वस्ती रिकामी होते आणि आजूबाजूच्या वस्त्यांमधून भर पडायला वर्षं लागतात.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार सांडा संरक्षित आहे. त्याला पकडणं, मारणं, बाळगणं आणि त्याच्या अवयवांचा किंवा तेलाचा व्यापार करणं हा गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर साईट्स कराराच्या परिशिष्ट २ चं बंधन आहे. घोरपडीलाही कायद्याचं कडक संरक्षण आहे. तिच्या नावावरही तेल विकलं जातं आणि ‘हत्थाजोडी’ नावाची जी दोन हातांसारखी वाळकी ‘मुळी’ तिजोरीत ठेवायला देतात, ती बऱ्याचदा मुळी नसून नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असते. घरात असली तर ती वस्तू बाळगणंही गुन्ह्यात मोडतं.

बाजारात जिवंत सांडे दिसले तर विकणाऱ्याशी भांडू नये. दया येऊन विकतही घेऊ नये. पैसे मिळाले की त्या जागी दुसरे येतात, आणि तुमच्या हातातला सांडा कायद्याच्या दृष्टीने तुमचा होतो. थोडं लांब जाऊन जागा, वेळ, प्राण्यांची संख्या आणि गाडी असल्यास तिचा क्रमांक टिपावा, जमलं तर फोटो घ्यावा आणि महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवावं. टाकून दिलेला जिवंत सांडा सापडला तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, सावलीत ठेवावा. तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. काही भरवू नये. हात साबणाने धुवावेत, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. आणि कृपा करून त्याला सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा शेताच्या बांधावर ‘मोकळा’ सोडू नये. वर पाहिलंच, आपल्या काळ्या मातीत त्याला घर करता येत नाही, आणि कणा मोडला असेल तर तो खणूच शकत नाही.

पाहायचाच असेल तर

कच्छला किंवा राजस्थानला जाणं झालं तर सांडा पाहणं अवघड नाही. होळीपासून पावसाआधीपर्यंतची सकाळ चांगली. ऊन चढलं आणि जमीन तापू लागली की मग बसावं, सूर्योदयाला घाई करण्यात अर्थ नाही, तोवर दारं बंदच असतात. मोकळ्या, दबलेल्या जमिनीवर अर्धचंद्रासारखं तोंड असलेलं बीळ शोधावं: तळ सपाट, वर कमान. उंदराचं बीळ गोल असतं. तोंडाशी ताजी मोकळी माती, मध्ये शेपटी घासल्याची रेघ आणि दोन्ही बाजूंना पंजांचे ठसे असले, आसपास पांढऱ्या टोकाची सुकी विष्ठा असली, तर बीळ चालू आहे. तोंडावर कोळ्याचं जाळं किंवा वाळका पाला साचला असेल तर रिकामं. अभ्यासक संख्या मोजतात तीही अशीच, आखून घेतलेल्या पट्ट्यात चालू बिळं मोजून. हात मात्र कुठल्याच बिळात घालू नये. रिकाम्या बिळात फुरसं राहायला येतं.

पंधरा-वीस मीटरांवर, शक्यतो गाडीतच, हालचाल न करता थांबावं. आधी बोथट नाक दिसतं, मग डोळे. पाच-दहा मिनिटं तो तेवढाच बाहेर राहतो, वर घिरट्या घालणारं कुणी आहे का ते बघतो. मग पुढचे पाय, मग काळपट पाठ उन्हाकडे. अंग फिकट झालं की चरायला निघतो, पण बिळापासून फार लांब जात नाही. तुम्ही उठून उभे राहिलात तर क्षणात आत, आणि मग तो लवकर बाहेर येत नाही. तेवढी त्याची चरण्याची सकाळ गेली.